वही भरली, आता पुढं काय? पटकथा आणि सिनेमा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की सिनेमा लिहायचाय, बनवायचाय पण कुठंतरी अडलंय असं कुणाचं असेल तर कळवा, तर माजलगावपासून उदगीरपर्यंत आणि जालन्यापासून किनवटपर्यंत पत्रं आली, काहींनी तर अख्ख्या कथाच पाठवल्या. एका अंकात सगळ्यांना उत्तर देणं होणार नाही म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते आधी घेतलेत. नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय. आणि कृपा करून पूर्ण कथा पाठवू नका, का पाठवू नका ते खाली तिसऱ्या प्रश्नात आहेच.

प्रश्न : ताई, मी माजलगाव तालुक्यातला, बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, लहानपणी मी पण त्यांच्यासोबत जायचो. त्याच्यावर एक गोष्ट लिहिलीय, पूर्ण वही भरलीय. वाचणारे म्हणतात याचा पिक्चर होईल. पण पटकथा म्हणजे नेमकं काय लिहायचं ते कळेना. आणि मुंबईला आत्ताच जाऊ का डिग्री झाल्यावर?

उत्तर : आधी वहीचं बोलू, मुंबईचं नंतर. तू गोष्ट शेवटापर्यंत लिहिलीस ना, हे फार मोठं काम झालंय. मला भेटणारी बरीच पोरं गोष्टीची सुरुवात इतकी रंगवून सांगतात की ऐकत राहावं, आणि शेवट विचारला की म्हणतात ते शूटिंगच्या वेळी बघू. तुझ्याकडं शेवट आहे.

पटकथा म्हणजे पडद्यावर जे दिसणार आणि जे ऐकू येणार तेवढंच, वर्तमानकाळात, ज्या क्रमानं दिसणार त्याच क्रमानं लिहिलेलं. गोष्टीत तू लिहू शकतोस की ‘बापानं उचल घेतली आणि पोराच्या जिवाची कालवाकालव झाली’, वाचणाऱ्याला ते भिडतं पण. मात्र सेटवर कॅमेरामन विचारणार की कालवाकालव म्हणजे मी कशावर कॅमेरा लावू? मग तिथं थांबायचं आणि आठवायचं की त्या संध्याकाळी ते पोरगं करत काय होतं, कुठं उभं होतं, हातात काय होतं. बघ, असं काहीतरी (इंट. म्हणजे आतला सीन) :

इंट. मुकादमाची ओसरी. संध्याकाळ.

मुकादम नोटा मोजून बापाच्या हातात ठेवतो. बाप पुन्हा मोजतो. आई उंबऱ्यापाशी बसलीय. पोरगा, वय ११, दाराला टेकून उभा. पाठीवर शाळेचं दप्तर.

मुकादम : परवा पहाटं ट्रक यील. दीड कोयता लिहिलाय तुमचा.

बाप : दीड कसा? आम्ही दोघंच तर हाव.

मुकादम : पोरगं मोठं झालं की आता.

आई पोराकडं बघते. पोरगा दप्तर काढतो, पायानं हळूच दाराआड सारतो.

यात कुठंच ‘वाईट वाटलं’ असं लिहिलेलं नाही तरी कळतंय की नाही? आणि नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, हा हिशोब तुला घरात बसून माहितीय. मुंबईत बसलेल्या लेखकाला तो कळायला कुणाला तरी शोधून विचारावं लागेल आणि विचारायचं आहे हेच त्याला सुचणार नाही. तुझी खरी पुंजी ही आहे. कारखान्यावरची खोपी, पहाटे तीनला भरायची गाडी, काट्यावरची रांग, टनामागचा भाव, यातलं एकही सोडू नको, फक्त प्रत्येक गोष्ट कुणीतरी काहीतरी करताना दिसली पाहिजे.

काम कसं करायचं तर आधी एका पानात सगळी गोष्ट लिही, शेवटासकट. मग सीनची यादी कर, प्रत्येक सीन एका-दोन ओळीत, युनिटवर याला वन लाइन म्हणतात. ही यादी दोन-तीनदा वर-खाली हलव, इथंच निम्म्या चुका निघतात आणि इथं खोडायला काही पैसे लागत नाहीत. मग पटकथा, आणि संवाद सगळ्यात शेवटी. नवीन माणूस उलटं करतो, संवादापासून सुरू करतो कारण ते लिहायला मजा येते, आणि मग पात्रं बसून नुसती बोलत राहतात. प्रत्येक सीनच्या वर आतलं की बाहेरचं, जागा आणि वेळ लिहायची, इंट. किंवा एक्स्ट. असं. इंग्रजीत कुरियर फाँट, १२ चा साइझ, आणि एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट असा हिशोब चालतो, देवनागरीत तो तंतोतंत बसत नाही म्हणून घड्याळ लावून मोठ्यानं वाचून बघायचं. महागडं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही, त्यातल्या काहींना देवनागरीची जोडाक्षरं नीट झेपतही नाहीत, गूगल डॉक्समध्ये मस्त होतं सगळं.

मुंबईला डिग्री झाल्यावर जा. तोपर्यंत या गोष्टीतला दहा मिनिटांचा एखादा तुकडा, जो स्वतःच्या पायावर उभा राहतो, तो गावातच शूट कर. नागराज मंजुळे करमाळ्याकडच्या जेऊरचे, त्यांच्या पिस्तुल्या या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पहिला मोठा सिनेमा, फँड्री, त्याच्यानंतर आला. मुंबईत कुणी विचारलं काय केलंय तर वही दाखवण्यापेक्षा पेनड्राइव्ह दाखवलेला बरा.

प्रश्न : मी औशाची, लातूरला एमए करते. एकांकिका लिहिते. आमच्याकडची बोली लिहिली की ग्रुपमधलेच म्हणतात प्रमाण मराठीत लिही नाहीतर कॉमेडी वाटेल. सिरियस विषय आपल्या भाषेत खरंच चालत नाही का?

उत्तर : चालतो गं. हा प्रश्न वाचून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही, कारण हे वाक्य मी विद्यार्थी असताना ऐकलंय आणि आजही पोरी ऐकतायत.

असं का झालं ते समजून घे. मकरंद अनासपुऱ्यांनी मराठवाड्याची बोली पडद्यावर आणली, लोकांनी तिच्यावर मनापासून प्रेम केलं, ते त्यांचं मोठंच काम आहे. पण त्याच्यानंतर ज्यांनी नुसती नक्कल केली त्यांनी ठरवून टाकलं की ही भाषा आली की हशा आला पाहिजे. नोकर, हवालदार, बावळट मित्र, यांच्याच तोंडी ती द्यायची आणि हिरो-हिरॉइन पुण्याचं बोलणार. यात भाषेचा काय दोष? आपल्याकडं माणसं मयतीत याच बोलीत बोलतात, पोरगी सासरी जाताना याच बोलीत रडतात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ज्यांची घरं पडली त्यांनी एकमेकांना हाका याच बोलीत मारल्या. औशापासून किल्लारी किती लांब आहे हे तुला सांगायला नको. २०१६ ला सैराट आला तो सगळा करमाळ्याकडच्या बोलीत, त्यात प्रेम होतं, खून होता, आणि उभ्या महाराष्ट्रानं तो बघितला, कुणी म्हणालं नाही की भाषा कळली नाही.

आता कामाचं. ‘मराठवाडी बोली’ अशी एकच नाही. बीडकडं ‘काय करायलास’ म्हणतील, परभणी-हिंगोलीला ‘काऊन’ येईल, तुमच्या लातूर-निलंगा-उमरग्याला कानडीचा शेजार आहे त्याचा हेल वेगळा, देगलूर-बिलोलीला तेलुगू मिसळलेली, संभाजीनगर-जालन्याच्या जुन्या मोहल्ल्यांत दखनी. तुझं पात्र कुठल्या तालुक्यातलं ते पक्कं कर आणि तिथलंच लिही. प्रत्येक वाक्यात ‘लई’ आणि ‘व्हय’ पेरून बोली होत नाही, ती वाक्याच्या चालीत असते, काय आधी बोलतात आणि काय गिळतात त्यात असते.

दुसरं म्हणजे एकच माणूस सगळीकडं सारखं बोलत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई वर्गात पुस्तकी बोलते, मधल्या सुट्टीत स्वयंपाकवाल्या मावशीशी गावातलं बोलते आणि केंद्रप्रमुखाचा फोन आला की तिसरंच काहीतरी बोलते. हे बदल लिहिलेस तर त्या बाईबद्दल वेगळं काही सांगावंच लागत नाही. एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत, आठवडी बाजारात बसून ऐकत जा आणि घरी येऊन लगेच लिहून ठेव, कुणाचं रेकॉर्डिंग करायचं तर मात्र विचारून.

आणि नट बाहेरचा असेल तर वाचनाला चार दिवस जास्त दे. शब्द पाठ होतात, हेल पाठ होत नाही.

प्रश्न : मॅडम, मी जालन्याचा. एका ओळखीच्या प्रोड्यूसरनं माझी स्टोरी ऐकली, आवडली म्हणाले, व्हॉट्सॲपवर पाठव म्हणाले. पाठवली. आता सहा महिने झाले फोन उचलत नाहीत आणि ऐकलंय की त्याच विषयावर त्यांचं काहीतरी चालू आहे. माझ्याकडं काहीच लिखापढी नाही. काय करू?

उत्तर : याच प्रकारची पत्रं सगळ्यात जास्त आलीत म्हणून जरा सविस्तर लिहिते, सगळ्यांनीच वाचा.

पहिलं, तुमच्याकडं काहीच नाही असं नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणजे तारीख आहे, वेळ आहे, काय पाठवलं ते आहे. ते चॅट डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करून मेलवर ठेवा, फोन बदलायचा असेल तर जुना विकू नका. कॉपीराइट हा लिहिलं त्याच क्षणी लेखकाचा होतो, त्यासाठी कुठं नोंद केलीच पाहिजे असं १९५७ च्या कायद्यात नाही. नोंद लागते ती पुराव्यासाठी.

पण एक कडू गोष्ट पण समजून घ्या. नुसत्या कल्पनेवर कुणाचाच हक्क नसतो. ‘दुष्काळात लग्न मोडतं’ ही कल्पना झाली, ती शंभर जणांना सुचू शकते. सुप्रीम कोर्टानं १९७८ ला आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हेच सांगितलं, एका नाटककारानं सिनेमावाल्यांवर केस केली होती, कोर्ट म्हणालं विषय, कल्पना यांचा कॉपीराइट नाही, ती ज्या पद्धतीनं मांडली त्या मांडणीचा आहे. म्हणजे तुमची पात्रं, प्रसंगांचा क्रम, संवाद हे उचललं असेल तर तुम्ही भांडू शकता, नुसता विषय सारखा असेल तर अवघड आहे. म्हणूनच मी घसा कोरडा करून सांगते की आधी पटकथा पूर्ण लिहा आणि मग ऐकवा. जेवढं जास्त कागदावर तेवढं जास्त तुमचं. तोंडी सांगितलेली दोन मिनिटांची आयडिया वाऱ्यावर सोडल्यात जमा असते.

आता पुढच्या वेळेसाठी. मुंबईला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, त्याचं मेंबर होता येतं, घरबसल्या ऑनलाइन, आणि मग स्क्रिप्ट अपलोड करून नोंदवता येते, पानांप्रमाणे थोडी फी असते. वाद झाला तर त्यांची वाद मिटवणारी कमिटी आहे, ती दोन्ही बाजू ऐकते. सरकारच्या कॉपीराइट ऑफिसातही नोंद होते, साहित्यकृतीला ५०० रुपये फी आहे, वेळ लागतो पण सर्टिफिकेट सरकारी मिळतं. आणि सगळ्यात साधं, फुकटचं काम : कुणालाही गोष्ट ऐकवून आलात की त्याच संध्याकाळी मेल करायचा, ‘आज भेट दिल्याबद्दल आभार, मी ऐकवलेल्या अमुक नावाच्या कथेचा सारांश (सिनॉप्सिस) सोबत जोडलाय’. नम्र मेल आहे, चांगल्या माणसाला राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याबद्दल तुम्हाला वेळेत कळलं म्हणायचं.

काम ठरलं तर करार लेखीच पाहिजे, कायद्यानंच हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं धरतात. पैसे टप्प्यांत बांधून घ्या, सही करताना काही, पहिला ड्राफ्ट दिल्यावर काही, फायनलला काही. ‘पिक्चर लागल्यावर बघू’ हा टप्पा नसतो. टायटलला कथा, पटकथा, संवाद हे तीन वेगळे क्रेडिट असतात, यातलं कुठलं तुमचं ते नाव घालून लिहून घ्या. हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव लागण्याचा अधिकार कायद्यात राहतोच. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर थिएटर सोडून इतर ठिकाणी, टीव्हीवर वगैरे, सिनेमा वापरला तर लेखकाचा रॉयल्टीतला वाटा सोडून देता येत नाही, तसं लिहून घेतलेलं कलम चालत नाही. छापील करारात ते कलम दिसलं की विचारा, घाबरू नका.

तुमच्या केसमध्ये आत्ता एकच करा, त्यांना शांत भाषेत मेल करा, कधी काय पाठवलं होतं ते तारखेसकट लिहा आणि सद्यस्थिती विचारा. आरोप नको. सिनेमा खरंच तुमच्या मांडणीवर निघाला तर वकिलाकडं जाताना हा कागद कामी येईल. फेसबुकवर लिहू नका, त्यानं केस कच्ची होते.

प्रश्न : मोबाईलवर शूट केलेली शॉर्ट फिल्म चालते का? कॅमेरा भाड्यानं परवडत नाही. — परतूर

उत्तर : चालते. पण सेटिंग न बघता शूट करू नका. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ ठेवा आणि शटर, म्हणजे एकेका चित्राला उजेड किती वेळ मिळतो ते, १/५० सेकंद, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, ३० वर शूट केलं की ट्यूबलाइटखाली चित्र लवलवू शकतं आणि ते नंतर सहज निघत नाही. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे, त्यात हे सगळं हातानं लावता येतं. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि फोकस लॉक करा, झूम करू नका, जवळ जा.

जे पैसे असतील ते आवाजावर घाला. चित्र जरा कमी असलं तर लोक चालवून घेतात, आवाज फाटला की दोन मिनिटांत उठतात. कॉलरचा माइक घ्या, शॉट घेताना पंखा, कूलर, फ्रीज, मोटार बंद, शेजारच्यांना आधीच सांगून ठेवा. प्रत्येक जागेचा नुसता शांततेचा आवाज मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये जोड लपवायला तोच लागतो. एप्रिल-मेमधे दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या दिसतात, म्हणून बाहेरचे सीन सकाळी नऊच्या आत नाहीतर पाचनंतर, दुपारी दाराजवळचे, घरातले घ्या. एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरून उरते. फुटेज दोन ठिकाणी ठेवा. ज्यांच्या घरात शूट केलं आणि ज्यांनी काम केलं त्यांची एका कागदावर संमती घ्या, भाऊ असला तरी. दौलताबाद, बीबी का मकबरा, वेरूळ असल्या जागांना पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, गेटवर अडवतात, तेव्हा गोष्टीत किल्ला लिहिण्याआधीच विचार करा.

प्रश्न : मला दिग्दर्शन शिकायचंय, घरचे म्हणतात बी.एड. कर. कोर्स केल्याशिवाय या लाइनमध्ये जमतं का? आणि मुलीला एकटीनं? — एक वाचक, नांदेड

उत्तर : कोर्स केला तर चांगलंच आहे. पुण्याची एफटीआयआय ही सरकारी फिल्म संस्था १९६० पासून आहे, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, दिग्दर्शनाला तीन वर्षं लागतात, ग्रॅज्युएशन आणि प्रवेश परीक्षा पाहिजे. जागा कमी आहेत, पण तयारी म्हणून वर्षभर जो सिनेमा बघशील आणि वाचशील तो वाया जात नाही. त्यांचे छोटे कोर्सही असतात, काही आठवड्यांचा सिनेमा कसा बघायचा हा रसास्वादाचा कोर्स तर नोकरीवाले पण करतात. जवळ म्हणशील तर संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, एमजीएम विद्यापीठात फिल्मचं शिक्षण आहे. घरच्यांना ‘मास्टर्स करते’ म्हणून सांगणं सोपं जातं, हे मी गंमत म्हणून सांगत नाही, विद्यापीठाची डिग्री असली की घरातलं भांडण निम्मं मिटतं हे मी बऱ्याच मुलींच्या बाबतीत बघितलंय. बी.एड.च्या जागी तेवढ्याच वर्षांची दुसरी डिग्री असं मांड.

कोर्स न करता होतं का? होतं. रोहन कानवडे इंटिरियर डिझायनर होते, फिल्म स्कूलला गेले नाहीत, लघुपट करत करत शिकले आणि त्यांच्या साबर बोंडं या मराठी सिनेमाला २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. आपल्याकडचं बघायचं तर चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही मंडळी औरंगाबादला जिगीषा नावाचा ग्रुप करून नाटकं करत होती, तिथून ती मुंबईला गेली ती एकटी-दुकटी न जाता सोबत मिळून गेली. तुझं उत्तर मला यात दिसतं. ‘एकटीनं’ हा शब्द काढून टाक. नांदेडच्याच स्वारातीम (स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा) विद्यापीठाच्या युवक महोत्सवात एकांकिका कर, राज्य नाट्य स्पर्धेत उतर, तिथं जी दोन-तीन माणसं तालमीला वेळेवर येतात आणि चहाचे पैसे प्रामाणिकपणे वाटून घेतात ती तुझी टीम. मुंबईत असिस्टंट म्हणून लागलीस तर पहिली काही महिने क्लॅप, कंटिन्युटी (एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळतंय का ते बघणं), कॉस्च्युम याद्या हेच हातात येईल, ते मन लावून कर, सेट कसा चालतो ते तिथंच कळतं. काम देणाऱ्याचं नाव, ऑफिसचा पत्ता, आधी त्यांच्याकडं काम केलेल्या एखाद्या मुलीचा नंबर, एवढं घेतल्याशिवाय रूमवर किंवा हॉटेलवर मीटिंगला जायचं नाही. चांगली युनिट्स ही माहिती लगेच देतात.

प्रश्न : आमच्या शॉर्ट फिल्मला लंडन, न्यूयॉर्क, टोकियो अशा फेस्टिव्हलचे मेल येतायत की सिलेक्शन झालंय, फी भरा. खरे असतात का? — हिंगोली

उत्तर : बहुतेक नसतात. दर महिन्याला अवॉर्ड वाटणारे, डॉलरमध्ये फी घेणारे, आणि शेवटी पोस्टरवर लावायला निवड झाल्याचं दाखवणारं पानांच्या तुऱ्याचं चित्र पाठवणारे खूप झालेत. तीन प्रश्न विचारा : थिएटरात खरंच सिनेमे दाखवतात का, ज्युरी कोण आहे, मागच्या वर्षीचं वेळापत्रक कुठं बघायला मिळेल. उत्तर नसेल तर एक रुपया भरू नका. त्या पैशात इंग्रजी सबटायटल नीट करून घ्या, त्याच्याशिवाय चांगला फेस्टिव्हल तुमची बोली वाचणार कशी?

आपल्या दारात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो, तिथं प्रेक्षक म्हणून तरी चार दिवस जाच, जगभरचे सिनेमे आणि ते बनवणारी माणसं एकाच लॉबीत भेटतात. पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव पिफ, मुंबईचा माहितीपट-लघुपटांचा मिफ, तिरुवनंतपुरमचा लघुपटांचा महोत्सव, धरमशालाचा, हे नावाजलेले. मोठी पटकथा असेल तर एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाची स्क्रीनरायटर्स लॅब आणि गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवासोबत नोव्हेंबरात भरणारा फिल्म बाजार (आता वेव्हज फिल्म बाजार) यांच्या अर्जांवर लक्ष ठेवा. फेस्टिव्हलला पाठवायचीय तोपर्यंत यूट्यूबवर टाकू नका, काही ठिकाणी पहिला शो त्यांच्याकडंच पाहिजे असतो, पासवर्डची लिंक द्या. आणि फिल्ममध्ये मागं वाजणारं सिनेमाचं गाणं काढा, परवानगीशिवाय ते चालणार नाही. तुकोबांचा अभंग कुणीही वापरू शकतो पण त्याचं रेकॉर्डिंग ज्या कंपनीचं ते त्यांचंच, म्हणून गावातल्या भजनी मंडळाकडून गाऊन घ्या, त्यांना मानधन द्या, टायटलला नाव द्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, उदगीर. एका तरुण दिग्दर्शकाची कथा मला फार आवडली. तो म्हणतो २५ लाखात चित्रपट होतो, शासनाचं अनुदान मिळतं, त्यात पैसे निघतात. माझ्या फंडाचे पैसे लावावेत का?

उत्तर : सर, तुम्हाला गोष्ट आवडली आणि पोराला उभं करावंसं वाटलं याचं मला फार अप्रूप आहे. पण फंडाचे पैसे लावू नका.

अनुदान सिनेमा पूर्ण झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर, समितीनं बघून दर्जा दिला तर मिळतं. आधी सगळा खर्च तुमचाच, आणि दर्जा मिळेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. शिवाय २५ लाख हा आकडा शूटिंग संपेपर्यंतचा असतो, त्याच्यापुढं एडिटिंग, आवाज, रंग, संगीत, सेन्सॉर, मग क्यूब किंवा यूएफओ या डिजिटल कंपन्यांकडून थिएटरला सिनेमा पोचवायचं भाडं, पोस्टर, जाहिरात. एवढं करून शो मिळतो सकाळी साडेनऊचा, आणि दुसऱ्या शुक्रवारी दुसरा सिनेमा येतो. अर्धवट राहिलेले सिनेमे हार्डडिस्कमध्ये पडून आहेत, त्यात ज्यांनी पैसे लावले त्यांच्या घरी मी जाऊन आलेय.

तुम्ही असं करा, त्या मुलाला बाउंड स्क्रिप्ट मागा, शेवटच्या पानापर्यंत लिहिलेली, आणि सीनप्रमाणे खर्चाचा तक्ता. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. दिली तर त्यातला दहा मिनिटांचा भाग निवडून लघुपट करायला सांगा आणि गेले तरी झोप उडणार नाही एवढेच पैसे द्या, लेखी, हप्त्यानं, बिलं घेऊन. आणि शिक्षक आहात तर स्क्रिप्ट स्वतः वाचा, लाल पेन घेऊन, कुठं कंटाळा आला तिथं समासात खूण करा. त्याला पैसे देणारा दुसरा कुणी भेटेल कदाचित, पण तेवढं मन लावून वाचणारा उदगीरमध्ये तुमच्याशिवाय कोण आहे.